अनेक मुखे, एक कान

श्रावण शुद्ध तृतीयेला जयपूरच्या त्रिपोलिया दरवाजातून तीजमातेची मिरवणूक निघते, तेव्हा दुतर्फा उभ्या असलेल्या हजारो लोकांच्या हाती मोबाईल असतात. कोणी छायाचित्र धाडत असतो, तर कोणी गर्दीत चुकलेल्या मुलाच्या शोधासाठी पोलिसांना हाक देत असतो. मनोऱ्याकडून फोनकडे येणारे संदेश एकाच हातून वाटले जातात. तेथे शिस्त राखणे सोपे. फोनकडून मनोऱ्याकडे जाणारे संदेश मात्र विखुरलेल्या, परस्परांना अनभिज्ञ अशा असंख्य मुखांतून निघतात. त्यांना ‘ऊर्ध्वगामी’ म्हणतात. नाहरगडावरून पाठविलेला संदेश खालच्या मनोऱ्याकडे उतरत गेला तरी तो ऊर्ध्वगामीच होय!

भारतात १९९५ साली आलेल्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात आठ फोन आळीपाळीने बोलतात. दूरच्या फोनचा संदेश उशिरा पोहोचून दुसऱ्याच्या पाळीवर आक्रमण करू नये, म्हणून मनोरा त्याला किंचित आधी बोलावयास लावतो.

सीडीएमए पद्धतीत सर्वांनी एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलावयाचे. ओळख पटते ती प्रत्येकाच्या स्वतंत्र संकेतावरून. परंतु शहरी वस्तीत अंतर दहापट झाले की लहरींची शक्ती हजार ते दहा हजार पटींनी क्षीण होते. साहजिकच जवळचा फोन दूरच्याला बुडवून टाकी. त्यामुळे मनोऱ्याला प्रत्येक फोनचा आवाज सेकंदाला ८०० वेळा कमीअधिक करवावा लागे. ही सेवा भारतात आता राहिलेली नाही.

चौथ्या पिढीत पट्ट्याचे बारीक तुकडे करून ते क्षणाक्षणाला वाटले जातात. अनेक बारीक लहरी एकत्र आल्या म्हणजे मधूनच मोठे उसळे येतात आणि ते पेलण्यात बॅटरी खर्ची पडते. मनोऱ्याला त्याची क्षिती नाही; सुमारे २०० मिलिवॅट शक्तीच्या फोनला आहे. यास्तव ऊर्ध्वगामी मार्गासाठी हे उसळे दाबणारी एकवाहक पद्धत योजिली गेली. पाचव्या पिढीतही दूरच्या फोनसाठी ती उपलब्ध आहे.

तथापि वाटा मिळण्यापूर्वी तो मागावा लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. चौथ्या पिढीत फोन ६४ ठरावीक हाकांपैकी एक निवडतो. दोघांनी एकाच क्षणी तीच हाक दिली, तर बहुधा दोघेही फुकट जातात आणि थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. नॉर्मन ॲब्रामसन यांनी १९७१ साली हवाई बेटांवर सुरू केलेल्या ‘अलोहा’ जाळ्याचाच हा वारसा होय. पडद्यावरील पट्ट्या पूर्ण दिसत असूनही गर्दीत फोन लागत नाही, याचे एक कारण हेच. त्या पट्ट्या मनोऱ्याचा आवाज फोनपर्यंत किती पोहोचतो, एवढेच सांगतात.