अपघातानंतर वकील कसा नेमावा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला कीं सोलापूर जिल्ह्यांतील रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनीं भरून जातात. पुणें, हैदराबाद व विजापूर यांकडील अवजड वाहतूकही येथूनच जाते. पहांटे दुधाचा कॅन घेऊन निघालेला किंवा रात्रीं पाण्याची पाळी उरकून परतणारा शेतकरी या गर्दींत सांपडतो, आणि घरच्या मंडळींवर दुःखाबरोबर वकील नेमण्याचें अपरिचित काम येऊन पडतें. तें बहुधा दवाखान्याच्या दारांतच, एखाद्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून, कोऱ्या कागदावर सही करून उरकलें जातें. म्हणून चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम फीविषयीं. "आतां कांहीं देऊं नका, मिळेल त्यांतला तिसरा हिस्सा द्या," ही बोली कानास गोड लागते. अमेरिकेंत ती चालते. आपल्याकडे ती कायद्यास मान्य नाहीं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणें वकिलास निकालावर अवलंबून असणारी फी ठरवितां येत नाहीं, कीं मिळालेल्या रकमेंत भागही घेतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं हेंच पुन्हा सांगितलें. फी ठराविक आंकड्यांत, लागल्यास हप्त्यांनीं, पण लेखी ठरवावी. ऐपत नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया व बालकें यांस उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळतो. मृताची विधवा अर्थातच त्यांत आली.

विलंब मात्र करूं नये. १ एप्रिल २०२२ पासून दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. वर्षश्राद्ध होऊं द्या, मग पाहूं, असें म्हणणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. दावा अर्जदाराच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणांतही चालतो. अपघात इंदापुराजवळ झाला तरी सोलापुरास अर्ज देतां येतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लक्ष रुपये निराळे. त्यांचा अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आंत द्यावा. त्यास वकील लागत नाहीं.

आतां चांगला वकील ओळखावा कसा? आमच्या मतें, जो पहिल्याच भेटींत शेतीचे कागद मागतो तो. कारण असें कीं, नोकरदार गेला म्हणजे पगार थांबतो. शेतकरी गेला तरी जमीन वारसांकडे राहते. म्हणून न्यायालय जमिनीचें सर्व उत्पन्न धरीत नाहीं, तर त्याच्या देखरेखीचें व श्रमांचें मोल धरतें, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ सालचा निकाल आहे. त्याच्या जागीं माणूस ठेवावयास काय पडेल, हा खरा प्रश्न. तो सातबाऱ्यानें एकट्यानें सुटत नाहीं. कारखान्याचीं ऊसबिलें, सोलापूर बाजार समितींतील कांद्याच्या पट्ट्या, दूध डेअरीचें पुस्तक, गांवांतील सालगड्याच्या मजुरीचा साक्षीदार, हें सर्व लागतें.

एक उदाहरण घेऊं. शेतकरी ३६ वर्षांचा, मागें पांच माणसें. माणूस ठेवण्याचा खर्च दरमहा १२,००० रुपये शाबीत झाला, तर वर्षाचे १,४४,००० होतात. वय चाळिशीच्या आंतलें, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २,०१,६००. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जातां १,५१,२००. त्यास वयाप्रमाणें १५ नें गुणिलें असतां २२,६८,००० रुपये. (२००९ व २०१७ च्या निकालांनीं हें गणित आंखून दिलें आहे.) कागदांच्या अभावीं दरमहा ८,००० च धरले गेले, तर हीच रक्कम १५,१२,००० वर येते. साडेसात लक्षांहून अधिक रुपये केवळ पावत्या न जपल्यानें जातात, आणि तिकडे घरचीं माणसें पोलिसांच्या पंचनाम्याच्या नकलेसाठींच हेलपाटे घालीत असतात! ती नक्कल हवीच, पण ती पुरेशी नव्हे.

लोकअदालतींत तडजोड करण्यापूर्वीं हें गणित वकिलाकडून कागदावर मांडून घ्यावें; तेथील निवाड्यावर अपील नाहीं. रक्कम अर्जदाराच्याच बँक खात्यांत घ्यावी, पासबुक स्वतःपाशीं ठेवावें, आणि सही केलेला कोरा चेक वकिलासही देऊं नये.