सात टाइल आणि एक लांब शब्द

रविवारी दुपारी आम्ही पाचसहा जण स्क्रॅबल खेळतो. बहुतेक निवृत्त, सगळे मराठी शाळेत शिकलेले. हातातल्या सातही टाइल एका डावात लावल्या की ५० गुण जादा मिळतात, म्हणून सगळी धडपड लांब शब्दासाठी. आमच्यात इंग्रजीचे एक प्राध्यापक आहेत. ते क्वचितच जिंकतात. जिंकतात त्या एक बाई, ज्यांची नोकरी तिकीट-आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. असं का, याचा विचार करता करता जे हाती लागलं ते असं.

१. कानावर भिस्त ठेवू नये. देवनागरीत वाढलेल्या माणसाला शब्द आधी ऐकू येतो. जसा उच्चार, तसं लिहायचं, ही आपली सवय. त्यामुळे आपण मनात ‘शन’ शोधत बसतो आणि टी, आय, ओ, एन या चार टाइल समोर असून दिसत नाहीत. ‘फ’साठी एफची वाट पाहतो, तोवर पी आणि एच शेजारी शेजारी पडून असतात. ‘रिदम’ या शब्दात ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही अक्षर नाही, पण एच मात्र दोनदा येतो, आणि अख्ख्या डब्यात एच असतात दोनच. हे कानाला कधीच कळणार नाही.

२. शब्दाचं शेपूट आधी बाजूला काढावं. आय-एन-जी, ई-आर, ई-डी, आय-ई-आर, ए-बी-एल-ई. शेपूट काढलं की उरलेल्या तीन-चार अक्षरांकडे बघणं सोपं जातं. पुढून लागणारे यू-एन, आर-ई आणि ओ-यू-टी हेही तसेच.

३. पण शेपटालाच चिकटून बसू नये. याचं माझं आवडतं उदाहरण ‘रेटिना’. आर, ई, टी, आय, एन, ए ही सहा अक्षरं हातात असली की मुरलेले खेळाडू खुर्चीत सरसावून बसतात, कारण सातवं जवळपास कोणतंही चालतं. पी आला तर पेंटर, सी आला तर सर्टन, के आला तर केरॅटिन, एम आला तर मिनरेट, एच आला तर हेअरनेट, डी आला तर ट्रेन्ड, एल आला तर रिलायंट (किंवा लॅट्रिन, ज्याची त्याची आवड). आता जी आला असं समजा. आपली नजर लगेच आय-एन-जीवर जाते, टेअरिंग सापडतो आणि आपण समाधानाने थांबतो. त्याच सात टाइलमध्ये ग्रॅनाइट आहे, इन्ग्रेटही आहे. तुम्ही म्हणाल, गुण सारखेच, मग काय फरक पडतो? पटावर फरक पडतो. शब्द बसवायला मोकळी जागा लागते, आणि एकाच अक्षरांचे तीन शब्द माहीत असले तर तिघांपैकी एक तरी कुठे ना कुठे टेकतो. आमच्या आरक्षणवाल्या बाईंचं यश मुख्यतः यात आहे. असे संच त्यांनी एका वहीत गटागटाने लिहून काढले आहेत. प्राध्यापकांकडे शब्द भरपूर, पण ते अर्थांनुसार ठेवलेले. शेक्सपिअर पाठ असून ग्रॅनाइट सुचत नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

४. एस उधळू नये. या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्कचा वास्तुविशारद. मंदीच्या काळात हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कोणतं किती वेळा येतं ते पाहिलं. म्हणून शंभर टाइलमध्ये ई बारा आहेत. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक नामाचं अनेकवचन करून माणसं आयते गुण लाटत बसली असती. पाचसहा गुणांच्या आशेने एस घालवणाऱ्याला आमच्याकडे चहा करायला उठवतात.

५. क्यूला यू हवाच असं नाही. ‘निकाब’ आणि ‘तलाक’ क्यूने लिहिता येतात. ‘कव्वाली’ तर सात अक्षरी आहे, दोन डब्ल्यू खाणारी.

६. टाइल सारख्या हलवाव्यात. ओळीत ठेवलेल्या अक्षरांचा क्रम डोळ्यांत बसतो आणि मग दुसरा क्रम दिसेनासा होतो. कागदावरचं कोडं असेल तर अक्षरं गोलाकार लिहावीत, म्हणजे पहिलं कोण आणि शेवटचं कोण हा प्रश्नच उरत नाही.

७. अक्षर पुन्हा वापरता येतं का, ते आधी विचारावं. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ कोड्यात सातच अक्षरं देतात आणि मधलं घ्यावंच लागतं, पण कोणतंही अक्षर कितीही वेळा वापरायची मुभा असते. तिथे जोडाक्षरासारखी येणारी दोन एल, दोन टी, दोन ओ आधी तपासायची. स्क्रॅबलची सवय तिथे आड येते.

८. प्रदर्शनीय शब्दांच्या नादी लागू नये. फुप्फुसाच्या एका रोगाचं पंचेचाळीस अक्षरी नाव इंग्रजी कोशात आहे. १९३५ च्या सुमारास ते कोडीप्रेमींनीच सर्वांत लांब शब्द म्हणून पुढे आणलं. स्क्रॅबलच्या पटावर एका ओळीत घरं पंधरा. ‘अनकॉपीराइटेबल’ तेवढाच लांब आहे आणि त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही, पण तो लावलेला मी पाहिला नाही. उलट १९८२ मध्ये मँचेस्टरला कार्ल खोशनाव याने ‘कझीक्स’ हा आठ अक्षरी शब्द दोन तिप्पट घरांवरून नेला आणि एका डावात ३९२ गुण घेतले.

९. अर्थ नंतर पाहिला तरी चालतो. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २००७ मध्ये मुंबईत झालेल्या स्पर्धेत जगज्जेता झाला. त्याच माणसाने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. आमच्या प्राध्यापकांना ही गोष्ट अजिबात आवडत नाही. मला ती थोडी भयंकर आणि पुष्कळशी गमतीची वाटते. मी स्वतः मात्र खेळ संपल्यावर शब्दकोश उघडतो.

१०. कोणता कोश चालणार, हे पहिली टाइल उचलण्याआधी ठरवावं. अमेरिकी यादी वेगळी, कॉलिन्सची वेगळी, आणि भांडणं सगळी त्यावरूनच होतात. आमच्याकडे कॉलिन्स चालतो. त्यात ‘पेशवा’ तीन स्पेलिंगांनी आहे. सगळ्यांत लांब स्पेलिंग आठ अक्षरांचं आहे, त्यात एच दोन लागतात.