नाव, कूळ व उपनाव : फलटणचे निंबाळकर घराणे

प्रेषितांच्या मतांगीकारात आपण 'पंतय पिलात' हे नाव उच्चारतो. पुष्कळांचा समज असा की, पंतय हे त्या सुभेदाराचे स्वतःचे नाव व पिलात हे त्याच्या बापाचे. वस्तुस्थिती तशी नाही. पंतय हे कुळाचे नाव असून पिलात हे उपनाव आहे. त्याचे जन्मनाव चारही शुभवर्तमानांत आलेले नाही, आणि इ. स. १९६१ मध्ये कैसरिया येथे त्याच्या नावाचा जो शिलालेख सापडला, त्यावरही नेमका तेवढाच भाग तुटलेला आहे. ही रोमी रीत समजावी म्हणून दूर जाण्याचे कारण नाही. निरवांगीकडून नीरेच्या काठाने वर गेले असता पलीकडच्या तीरावर फलटणचा मुलूख लागतो. तेथील निंबाळकर घराणे हेच आपल्या आजच्या पाठाचे उदाहरण होय.

१. रोमी रीत. रोमी पुरुषास बहुधा तीन नावे असत : घरात हाक मारावयाचे, कुळाचे, व उपनाव. पहिल्या प्रकारची नावे प्रचारात फार थोडी, सुमारे वीसच होती. म्हणून एका घरात तेच नाव पुनःपुन्हा येई व माणूस ओळखावयास उपनावाची गरज पडे. पंतय हे कूळ काही रोमच्या अग्रगण्य कुळांपैकी नव्हते. हे नाव मूळचे सम्नी लोकांतील. इ. स. पूर्वी ३२१ मध्ये कौदियमच्या खिंडीत रोमी सैन्यास शरण आणणारा सम्नी सेनापती गावियस हाही पंतयच होता. पुढे सम्नी लोक रोमी राज्यात मिसळून गेले, पण नाव टिकले.

२. निंबाळकर हे नाव. या घराण्याचे मूळ कूळ पवार. परंपरा अशी की, धारच्या पवारांपैकी निंबराज नावाचा पुरुष फलटणजवळील निंबळक गावी येऊन राहिला व त्या गावावरून वंशजांस निंबाळकर म्हणू लागले. 'नाईक' ही पदवी दिल्लीच्या बादशहाकडून मिळाली, असेही सांगतात. तेव्हा 'मुधोजी नाईक निंबाळकर' या नावात मुधोजी हे व्यक्तीचे, नाईक हे मानाचे व निंबाळकर हे गावाचे. कुळाचे नाव पवार हे उच्चारात येत नाही, पण सोयरीक जुळविण्याची वेळ आली म्हणजे आधी तेच विचारतात. आपल्याकडे जी जी आडनावे 'कर' या अक्षरांत संपतात, त्यांच्या मुळाशी बहुधा असेच एखादे गाव असते.

३. तीच ती नावे. निंबाळकरांच्या वंशावळीत मुधोजी, बजाजी, महादजी, जानराव ही नावे फिरून फिरून येतात. शिवाजी महाराजांचे लग्न इ. स. १६४० मध्ये ज्या सईबाईंशी झाले, त्यांच्या वडिलांचे नाव मुधोजी, भावाचे बजाजी व भाच्याचे महादजी. भोसल्यांतही हेच दिसते. महाराजांचे ज्येष्ठ बंधू संभाजी. त्यांचेच नाव इ. स. १६५७ मध्ये जन्मलेल्या पुत्रास ठेवले. त्या पुत्राच्या पुत्राचे मूळ नाव आजोबांचे, म्हणजे शिवाजी. त्यांसच पुढे शाहू म्हणू लागले. गेलेल्या वडील माणसाचे नाव घरात पुन्हा ऐकू यावे, ही त्यामागील माया आहे. मात्र जुने कागद वाचणाऱ्याने कोणता मुधोजी व कोणाचा पुत्र, हे आधी ठरविले पाहिजे. नाही तर एकाची कर्तबगारी दुसऱ्याच्या पदरात पडते.

बजाजी नाईकांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. विजापूरच्या दरबारी त्यांना मुसलमान व्हावे लागले होते. ते परत आले तेव्हा त्यांस जातीत घेण्यात आले, आणि लोकांच्या मनातील किंतु जावा म्हणून महाराजांनी आपली कन्या सखूबाई त्यांच्या पुत्रास, महादजीस, दिली. नाव कुळात राहिले तरी पंगतीत जागा मिळाली नाही तर ते नाव काय कामाचे, हे महाराजांनी ओळखले होते.

४. दत्तक. रोमी दत्तकपुत्र नव्या बापाचे नाव घेई व जुन्या कुळाची खूण शेवटी जोडी. प्रेषितांच्या कृत्यांतील अखयाचा सुभेदार गल्लियो असाच दत्तक गेलेला होता. तो तत्त्ववेत्ता सेनेका याचा सख्खा भाऊ. आमच्याकडे जुन्या घराची खूण राहत नाही. इ. स. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापुरास दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. फलटणास इ. स. १८४१ मध्ये विधवा राणीस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, ती ३०,००० रुपये नजराणा भरल्यावर. ते दत्तकपुत्र मुधोजीराव. म्हणजे सईबाईंच्या वडिलांचे नाव दोनशे वर्षांनी पुन्हा गादीवर आले. इ. स. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पण फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाने ते नाव चालू ठेवले आहे.

५. ज्यांस पुरते नाव नव्हते. रोमी मुलीस कुळाचेच नाव स्त्रीलिंगी करून देत. दोघी असल्या तर थोरली व धाकटी म्हणत. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. शहाजीराजांची आई दीपाबाई ही निंबाळकरांची कन्या, तिला भोसल्यांच्या इतिहासात उमाबाई असेही म्हटले आहे. रोमी दासास एकच नाव असे, व तो मोकळा झाला तरी धन्याचे कुळनाव लावी. दासांस पुष्कळदा क्रमांकाचीच नावे देत. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातील तर्तिय व क्वार्त यांचा अर्थ तिसरा व चौथा एवढाच आहे. तरी ते पत्र ज्याच्या हाताने लिहिले गेले, तो हाच 'तिसरा'.

आमच्या खेड्यांतही वाड्यातल्या मुलाच्या नावास 'राव' लागे, आणि गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्यासही 'या' लावून हाक मारीत. धोंडू, दगडू, केरू ही नावे आईबापांनी मूल जगावे म्हणून मायेने ठेवलेली. त्यांचे धोंड्या, दगड्या, केऱ्या करणे हे परक्याचे काम. नाव लांबविण्यास किंवा तोडण्यास पैसा लागत नाही, पण त्यावरून माणसाची गावातील जागा ठरते. म्हणून प्रत्येकास त्याच्या पुरत्या नावाने हाक मारणे, हा या पाठाचा व्यवहारातील अर्थ समजावा.

अभ्यासासाठी प्रश्न. (१) पंतय व पिलात यांपैकी कुळाचे नाव कोणते? (२) पवार व निंबाळकर या दोन नावांत भेद काय? (३) आपल्या घरातील वृद्धांस विचारून तीन पिढ्यांची नावे लिहा. स्त्रियांची माहेरची नावे गाळू नका.