घरी पाठविलेला मनुष्य
शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०. पाठांतर : गलती. ६:२.

कबरांत राहणारा हा मनुष्य शुद्धीवर आल्यावर येशूबरोबर जाऊ इच्छीत होता. प्रभूने त्याला घरी, आप्तांकडे पाठविले. ज्या लोकांनी त्याला बांधले, व बरा झालेला पाहून जे भ्याले, त्यांच्यातच त्याला राहावयाचे होते.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावे, प्रत्येक मनोरुग्ण भूतग्रस्त नव्हे. प्रार्थना करावी, पण डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे व समाजात राहण्याचा हक्क दिला आहे.

औषधाबरोबर सोबतही लागते. नाशिक व आपल्या गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमातील गावचेच स्वयंसेवक शेजाऱ्याचे दुःख ऐकून घेऊ लागले. सुरतेत घरची माणसे पाळीवर जातात. अशा वेळी सेवानिवृत्त सभासदांनी दोन तास रुग्णाजवळ बसावे, दवाखान्यात बरोबर जावे, ऐकलेले बाहेर बोलू नये. १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

चर्चेसाठी प्रश्न : घरी आलेला हा मनुष्य येत्या रविवारी उपासनेस आला, तर त्याच्या शेजारी कोण बसेल?