दह्याचे विरजण आणि शरीराचे पहारेकरी

रात्री कोमट दुधाला चमचाभर विरजण लावले की सकाळी दही तयार होते. हे काम जंतूंचे आहे, हेही तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. विरजणातील जंतू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे दूध घट्ट आणि आंबट होते. परंतु या आम्लाचा आणखी एक परिणाम होतो. तो पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

उकळलेल्या दुधाचे दोन सारखे भाग दोन स्वच्छ भांड्यांत घ्या. दूध कोमट झाल्यावर एकाला विरजण लावा, दुसरे तसेच राहू द्या. दोन्ही भांडी झाकून दोन दिवस एकाच जागी ठेवा. नंतर रंग, वास आणि सामू-कागदाने सामू तपासा. चव मात्र घेऊ नका. विरजण लावलेल्या दुधाचे आंबट दही झालेले दिसेल. दुसरे दूध बहुधा नासून त्याला घाण वास येऊ लागेल. पहिल्या भांड्यातील आम्लामुळे नासवणाऱ्या अनेक जंतूंना तेथे वाढता आले नाही. हे दुसरे भांडे लक्षात ठेवा; पुढे त्याची गरज लागणार आहे.

असाच आम्लाचा पहारा स्त्रीच्या शरीरातही असतो. गर्भाशयाचे तोंड आणि शरीराचा बाहेरील भाग यांना जोडणाऱ्या मार्गाला योनिमार्ग म्हणतात. हा मार्ग बाहेर उघडत असल्यामुळे तेथे जंतूंचा शिरकाव होणे अगदी साहजिक आहे. मग तेथे सतत रोग का होत नाही?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १८९२ साली झाली. बाळंतपणानंतर येणारा ज्वर हा त्या काळी युरोपातील अनेक मातांचा जीव घेत असे. त्याचा अभ्यास करताना आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन प्रसूतितज्ज्ञाला निरोगी स्त्रियांच्या योनिस्रावात काडीसारख्या आकाराचे जंतू आढळले. हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यांच्यापुढे रोगकारक जंतूंची वाढ खुंटते, असे त्याने दाखवले. जंतू म्हणजे शत्रू, असे मानण्याच्या त्या काळात हा शोध विशेष महत्त्वाचा होता. या जंतूंना आज आपण लॅक्टोबॅसिलस म्हणतो. त्यांच्या अनेक जाती आहेत. क्रिस्पॅटस ही त्यांपैकी एक उत्तम पहारेकरी जात समजली जाते.

या जंतूंना अन्न कोण पुरवते? मुलगी वयात येऊ लागली की तिच्या शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्यामुळे योनिमार्गाच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन साठू लागते. त्याचे विघटन होऊन ज्या साध्या शर्करा मिळतात, त्यांवर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि मोबदल्यात आम्ल देतात. त्यामुळे तेथील सामू साधारणपणे ३.८ ते ४.५ इतका राहतो. दह्याचा सामूही ४.५ च्या आसपासच असतो! शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. सामूच्या एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक. तेव्हा ७ आणि ४.५ यांत सुमारे तीनशे पटींचा फरक पडतो.

या वयात पांढरट किंवा पाण्यासारखा थोडा स्राव होणे ही निरोगी शरीराची खूण आहे. मासिक चक्रानुसार तो कमीअधिक होतो. अंगावर पांढरे गेले की शक्ती जाते, हाडे झिजतात, अशा समजुतींना आधार नाही. त्यापायी कित्येक मुली विनाकारण घाबरतात आणि लाजेमुळे कोणाला विचारतही नाहीत.

मात्र कधीकधी हा समतोल बिघडतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेला व प्राणवायूविना वाढणारे इतर जंतू माजतात. सामू ४.५ च्या वर जातो, स्राव पातळ व करडा होतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. या विकाराला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गरोदरपणात त्याचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आढळला आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुसरा विकार कॅन्डिडा या बुरशीमुळे होतो. यात खाज सुटते आणि स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट असतो. एखाद्या आजारासाठी प्रतिजैविके घेतल्यानंतर तो उद्भवू शकतो. गंमत अशी, की या विकारात सामू बहुधा नेहमीसारखाच राहतो, कारण ही बुरशी आम्लाला दाद देत नाही. म्हणजे पहिल्या विकाराला जंतुनाशक आणि दुसऱ्याला बुरशीनाशक औषध लागते. शेजारणीला लागू पडलेले औषध आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच.

आता तुमच्या मनात आले असेल, की पहारेकरी कमी झाले तर बाहेरून आणून नेमावेत! पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला हितकारक ठरणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना प्रोबायोटिक म्हणतात. कल्पना पटण्याजोगी आहे. पण विज्ञानात पटणे पुरेसे नसते. तेथे दुसरे भांडे लागते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत प्रतिजैविके घेणाऱ्या स्त्रियांना लॅक्टोबॅसिलस दिले. तुलनेसाठी काहींना तसेच दिसणारे, पण जंतू नसलेले औषध दिले. बुरशीचा त्रास टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलसचा उपयोग झाला नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत बॅक्टेरियल व्हजायनोसिस झालेल्या २२८ स्त्रिया होत्या. सर्वांना आधी नेहमीचे जंतुनाशक दिले. मग १५२ जणींच्या योनिमार्गात क्रिस्पॅटस जातीचे जंतू सोडले आणि ७६ जणींना जंतूविरहित औषध दिले. बारा आठवड्यांत पहिल्या गटातील ३० टक्के, तर दुसऱ्या गटातील ४५ टक्के स्त्रियांना विकार पुन्हा झाला. फायदा झाला, पण तो सर्वांना नाही. शिवाय दुसरा गट नसता, तर पहिल्या गटात बऱ्या राहिलेल्या ७० टक्के स्त्रियांचे सारे श्रेय आपण जंतूंना दिले असते!

मग रोज दही खाल्ले तर? दही उत्तम अन्न आहे, ते जरूर खावे. पण विरजणातील जंतू दुधात रमणारे आहेत. योनिमार्गात वस्ती करणाऱ्या जाती बहुधा निराळ्या असतात. म्हणून दही किंवा दुकानातील कोणतीही पूड हे या विकारांवरचे औषध समजू नये आणि दही तेथे लावूही नये.

रोजच्या स्वच्छतेसाठी बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. आतून साबणाने, जंतुनाशकाने किंवा पिचकारीने धुणे टाळावे. आपण घाण धुतली असे वाटते, प्रत्यक्षात पहारेकरीच धुतले जातात. खाज, आग, दुर्गंधी किंवा स्रावाचा बदललेला रंग दिसल्यास आईला, बाईंना किंवा आरोग्यसेविकेला सांगावे आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. घसा दुखला तर आपण सांगतोच ना? मग येथे लाज कशाची?

विचार करा :
१. प्रयोगात दोन्ही भांडी एकाच जागी का ठेवली?
२. चाचणीतील दुसऱ्या गटालाही औषधासारखेच दिसणारे काहीतरी का दिले असावे?
३. कॅन्डिडाच्या विकारात केवळ सामू-कागदावरून निदान का करता येणार नाही?