अल्टरनेटर मोठा बसवला? मग बेल्टचा नंबर नव्याने काढा

समजा, चाकण-तळेगाव रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकला तुम्ही ८० ऐवजी १२० अँपिअरचा अल्टरनेटर बसवलात. २८ व्होल्टने हिशोब करा: पूर्ण लोडवर २,२४० वॅटचे ३,३६० वॅट झाले. हा जादा भार ओढणार कोण? बेल्टच. म्हणून जुनाच बेल्ट डोळे झाकून चढवू नका.

आधी नंबर वाचा. ८पीके१४२० म्हणजे ८ रिब, पीके प्रोफाइल, लांबी १,४२० मिमी. पुलीवरच्या खाचा मोजा. रिब तेवढ्याच हव्यात.

आता लांबी. नवी पुली १० मिमीने लहान असेल आणि बेल्ट तिला अर्धा वळसा घेत असेल, तर बेल्ट सुमारे १६ मिमी कमी लागतो. टेन्शनर मधोमध ठेवा, बेल्टच्या वाटेने न ताणणारी दोरी फिरवा आणि मोजा. सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत ना, तेही सरळ पट्टी लावून बघा.

अनेक इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं आणि इंजिनही तापतं. गाडी वाटेत उभी राहते, नाव मात्र तुमच्या गॅरेजचं खराब होतं.

म्हणून आजपासून एक सवय लावा: बसवलेल्या बेल्टचा नंबर जॉब कार्डवर आणि बिलावर लिहायचाच!