बिनसहीचा कबुलीजबाब आणि जप्त मालमत्ता

समजा, अकोल्याच्या जुने शहर भागातील एका घरातून पोलिसांनी रोख रक्कम जप्त केली आणि 'हा पैसा चोरीचा आहे' असा आरोपीचा जबाब लिहून घेतला. जबाबावर सही नाही. असा कागद अपुरा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तपासातील जबाबावर सही घेऊ नये, अशीच कायद्याची आज्ञा आहे.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. सही असो वा नसो. मालमत्तेचा प्रश्न निराळा. त्रिभुवन माणेकचंद प्रकरणात (१८८४) मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांपुढील जबाब खटल्यात अग्राह्य, परंतु मुद्देमालाच्या मालकीच्या चौकशीत ग्राह्य ठरविले. तपासातील जबाबांवरील बंदी दिवाणी कार्यवाहीस लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही खत्री प्रकरणात (१९८१) सांगितले.

ग्राह्य म्हणजे पुरेसा नव्हे. 'हे शब्द माझे नाहीत' असे आरोपी म्हणू शकतो. मग लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष, पंचनामा आणि हिशेबाच्या वह्याच कामी येतात.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली टाच आणण्याविषयी न्यायालय १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस देऊ शकते. मालमत्ता आरोपीच्या वतीने पत्नीने वा भावाने धारण केल्याचे नोटिशीत नमूद असल्यास तिची प्रत त्यांनाही द्यावी लागते.